आकडा चुकला तर विचारणार कोण?

नीरा खोऱ्यातील सांगवीसारख्या गावात उसाची गाडी काट्यावर गेली, की घरी एकच प्रश्न असतो : वजन किती भरले? हे उत्तर माणसाऐवजी संगणकाकडून घ्यायचे ठरले, तर काय बदलते? वारणा परिसरात हा प्रयोग झाला आहे. पण आधी थोडे मागे जाऊ.

१९४८ साली बेल प्रयोगशाळेतील क्लॉड शॅनन यांनी संदेशवहनाचा गणिती सिद्धांत मांडला. तारेत खरखर असतानाही संदेश बिनचूक कसा पोचवावा, हा त्यांचा प्रश्न. भाषेत गरजेपेक्षा जास्त अक्षरे असतात आणि अडचणीच्या वेळी तीच आपल्याला तारतात. फळ्यावर ‘सां○वीचा ऊस का○खान्यावर गेला’ असे लिहून पाहा; वर्ग न अडखळता वाचील. आता सभासद क्रमांक घ्या. ४१७२ ऐवजी ४१२७ लिहिले गेले आणि तोही क्रमांक कुणाचा असला, तर संगणक मुकाट्याने त्याचे खाते उघडील. आकड्यात जास्तीचे काही नसतेच. ते आपण मुद्दाम घालावे लागते. अंकांची नुसती बेरीज उपयोगी नाही, दोन्हींची १४ च येते. पण अंकांना क्रमाने १, २, ३, ४ ने गुणून बेरीज केली, तर पहिल्याची ३५ आणि दुसऱ्याची ४० होते. शेवटचा ५ क्रमांकापुढे जोडला, की ही अदलाबदल लगेच पकडली जाते.

माणसांना असल्या जोड-अंकाची गरज पडत नाही, कारण समोरचा उलट विचारतो, ‘कोणाचा? धाकट्याचा की थोरल्याचा?’ शिक्षणशास्त्रात आपण यालाच प्रत्याभरण म्हणतो. वॉरन वीव्हर यांनी १९४९ मध्ये शॅननच्या सिद्धांताची ओळख करून देताना तीन निराळे प्रश्न सांगितले : चिन्हे नीट पोचली का, अर्थ पोचला का, आणि त्याचा इष्ट परिणाम झाला का. शॅननचे गणित पहिल्यापुरते होते. आमच्या मते संगणकाशी होणारे बरेचसे गैरसमज उरलेल्या दोहोंत असतात. ल्युसी सचमन यांनी झेरॉक्स कंपनीच्या संशोधन केंद्रात नकलयंत्र वापरणाऱ्या माणसांचे निरीक्षण केले आणि १९८७ च्या पुस्तकात निष्कर्ष मांडले. माणसे आपसात बोलत, गोंधळत, बोट दाखवत. यंत्राला त्यातले फक्त दाबलेले बटण कळे. ‘यंत्र ऐकत नाही’ ही तक्रार अगदी शब्दशः खरी होती!

आता वारणेकडे वळू. १९९८ मध्ये कोल्हापूर-सांगली भागातील सुमारे ७० गावांसाठी तेथील सहकारी संस्थांच्या आधारे संगणक केंद्रांची योजना सुरू झाली. बाजारभावापासून शेतीसल्ल्यापर्यंत पुष्कळ काही मिळावे अशी कल्पना होती. प्रत्यक्षात वापर झाला तो मुख्यतः उसाच्या हिशेबासाठी. केंद्रावर संगणक चालवणारा माणूस बसे. शेतकरी त्याच्याशी बोले आणि तो यंत्राशी. वीव्हरचा दुसरा प्रश्न तो माणूस सोडवत होता, यंत्र नव्हे.

पुढे २००७ च्या सुमारास मायक्रोसॉफ्टच्या भारतातील संशोधकांनी सात गावांत आठ महिने संगणकाऐवजी मोबाइलचे लघुसंदेश वापरून पाहिले. संगणकावर होणारी सगळी कामे त्यातून झाली, खर्च कमी आला आणि शेतकऱ्यांनाही ही पद्धत अधिक पसंत पडली. स्वतःच्या फोनवरून विचारणाऱ्याला उत्तर बांधावर मिळते, ते खिशात राहते, घरी दाखवता येते. ‘धाकट्याचा की थोरल्याचा?’ असे विचारणारे मात्र तिथे कुणी नसते. क्रमांक त्याचा त्यालाच दोनदा तपासावा लागतो.