कचेरीची सायकल

पुण्याला सायकलींचे शहर हे नाव पडले, त्याचे श्रेय पुणेकरांच्या काटकसरीला देण्याची चाल आहे, आणि ती काटकसर सर्वश्रुत असल्यामुळे या उपपत्तीला आजवर कोणी फारशी हरकतही घेतलेली नाही. परंतु शहराचा जुना नकाशा समोर ठेवून पाहिले असता त्या नावाचे मूळ कचेऱ्यांच्या जागांत अधिक सापडते. १८१७ साली खडकीच्या रणांगणावर पेशवाईचा निकाल लागला आणि पुढच्या वर्षी राज्यही संपले, तेव्हा नव्या सरकारने आपली ठाणी जुन्या वस्तीत न घालता पूर्वेस लष्करात आणि वायव्येस खडकीस घातली. पुढे खडकीस १८६९ साली दारूगोळ्याचा कारखाना उभा राहिला, लष्करात फौजी हिशेबाची दफ्तरे आली, आणि १९२८ साली हवामानखात्याचे मुख्य ठाणे सिमल्याहून हलवून शिवाजीनगरास आणल्यावर त्या इमारतीला लोक आजतागायत सिमला ऑफिस म्हणतात. कचेऱ्या अशा चोहीकडे पांगल्या, परंतु त्यांत कलम चालवणारा कारकून मात्र सदाशिव, नारायण, शनिवार आणि कसबा या पेठांतील वाड्यांतूनच राहत राहिला. त्यामुळे घर आणि कचेरी यांमध्ये दोनपासून चार मैलांचे अंतर पडले, जे रोज दोन वेळा पायी तुडवण्यास जास्त, आणि टांग्याला रोजचे भाडे मोजण्यास पगाराच्या मानाने फारच जास्त होते. त्यात जमीन सपाट, हवा सौम्य, आणि पावसाळाही कोकणासारखा धुवांधार नव्हे. तेव्हा सायकल या शहरात रुजली नसती तरच नवल.

मात्र ती रुजण्यास वेळ लागला. इंग्लंडातील कॉव्हेंट्री येथे जॉन केम्प स्टार्लीने दोन सारख्या चाकांची आणि मागच्या चाकाला साखळी जोडलेली रोव्हर सायकल १८८५ साली बाजारात आणली, १८८८ साली डनलॉपने बेलफास्टला हवेच्या धावेचे पेटंट घेतले, आणि त्याच १८८८ साली बेळगावास किर्लोस्कर बंधूंचे सायकलींचे दुकान निघाले. लक्ष्मणराव किर्लोस्कर त्या काळी मुंबईस व्हिक्टोरिया ज्युबिली तांत्रिक विद्यालयात शिकवीत. पुढे ज्या घराण्याने नांगर, पंप आणि इंजिने केली, त्याच्या उद्योगाचा आरंभ सायकलीपासून झाला, ही गोष्ट महाराष्ट्राच्या औद्योगिक इतिहासात मला फार सूचक वाटते. परंतु त्या काळचे गिऱ्हाईक म्हणजे गोरा अंमलदार, संस्थानिक, एखादा नामांकित वकील किंवा डॉक्टर. कारकुनाने सायकल पाहावी आणि बाजूला व्हावे, एवढाच त्याचा तिच्याशी संबंध.

हा संबंध पालटला तो पहिल्या महायुद्धानंतर. बर्मिंगहॅम आणि नॉटिंगहॅम येथील कारखान्यांनी उत्पादन अफाट वाढवले, हर्क्युलिससारख्या कंपनीने तर स्वस्ताईलाच आपला झेंडा केले, आणि १९३०च्या दशकात जपानी मालही बंदरांत उतरू लागला. तेव्हा सायकल कारकुनाच्या आवाक्यात आली. अर्थात आवाक्यात आली याचा अर्थ खिशात पैसे होते असा कोणी करू नये. सरकारी नोकराला सायकलीसाठी आगाऊ रक्कम मिळण्याची सोय होती. अर्ज करावा, वरिष्ठांची शिफारस घ्यावी, मंजुरीचा कागद हातात पडेपर्यंत वाट पाहावी, आणि मग दरमहा पगारातून हप्ता कापून जावा, असा तो सारा मामला असे. तोवर ताशी भाड्याची सायकल होतीच. दुकानाचा क्रमांक मागच्या मडगार्डवर ठसठशीत रंगवलेला, वहीत नाव-पत्ता नोंदवलेला, आणि ब्रेक बहुधा नावापुरते.

खरेदीच्या दिवशी माणूस एकटा दुकानी जात नसे. कचेरीतील एखादा माहितगार बरोबर घ्यावयाचा, आणि त्या माहितगाराने बैलबाजारातील पारख्याप्रमाणे सायकलीभोवती फिरावयाचे, असा शिरस्ता होता. त्याच्या परीक्षा ठरलेल्या असत, आणि त्या निव्वळ मिजास म्हणून नव्हत्या. पहिली उंचीची: सीट काखेत धरून हात नळीच्या दिशेने खाली सोडावयाचा, आणि बोटांची टोके पायडलांच्या आसाला टेकली म्हणजे सायकल त्या माणसाच्या बेताची, या हिशेबाने बहुतेकांच्या वाट्याला बावीस इंची सांगाडा येई आणि उंच माणसाला चोवीस इंची. दुसरी परीक्षा चाकाची: पुढचे चाक जमिनीपासून उचलून हलकेच सोडून द्यावयाचे, आणि ट्यूबच्या व्हॉल्वच्या एवढ्याशा वजनाने ते आपोआप फिरून, थोडे मागेपुढे झोके घेऊन, व्हॉल्व तळाशी येऊन थांबले, तर आसाचे छर्रे आणि कोन व्यवस्थित बसले आहेत असे समजावयाचे, चाक मध्येच अडून राहिले तर फिटरला पाना घेऊन पुन्हा बसावे लागे. मग पायडल उलटे फिरवून फ्रीव्हीलचा आवाज ऐकावयाचा, रिम ब्रेकच्या रबरांमधून सारख्या अंतराने जाते की तिला आऊट आहे हे डोळा बारीक करून पाहावयाचे, आणि शेवटी आरे मोजावयाचे: पुढच्या चाकाला ३२ आणि मागच्याला ४०, कारण स्वाराचा भार आणि कॅरिअरवरचा बोजा मागच्या चाकावर पडतो. हे सर्व झाल्यावरच भावाची गोष्ट निघे.

परंतु सायकल घेणे हा अर्धाच व्यवहार होता. तिचा साज चढवणे हा उरलेला अर्धा, आणि माझ्या मते इतिहासाच्या दृष्टीने अधिक बोलका. त्या साजातील एकेक वस्तू कोणाच्या ना कोणाच्या हुकमाने आलेली असे. धोतर नेसून कचेरीत जाणाऱ्या माणसाचा सोगा साखळीत अडकला तर तो भर रस्त्यात पडे, आणि न पडला तरी काळ्या ग्रीसचा पट्टा घेऊन साहेबापुढे उभा राही. तेव्हा साखळी सर्व बाजूंनी झाकणारे पूर्ण चेनकव्हर ही कचेरीच्या पोशाखाची मागणी होती. पुढे पाटलोण आली तेव्हाही ते कव्हर राहिले, आणि ज्यांच्या सायकलीला अर्धेच कव्हर असे ते घोट्यापाशी पोलादी क्लिप लावीत. ही क्लिप कचेरीत पोचल्यावर काढावयाची विसरणे हा त्या काळच्या कारकुनाच्या थट्टेचा एक कायमचा विषय होता. कॅरिअर आले ते डब्यासाठी आणि दफ्तराच्या बासनासाठी. मागच्या चाकाला दोन्ही बाजूंनी पेलणारे स्टँड आले, कारण कचेरीच्या आवारात शेकडो सायकली ओळीने लावाव्या लागत आणि भिंतीला टेकवलेली एक पडली की शेजारच्या दहा पडत. मडगार्डच्या टोकाला चामड्याची किंवा रबराची झालर लागे, ती आषाढातील चिखल बुटांवर उडू नये म्हणून. कातडी सीटला पावसाळ्यात मेणकापडाचे आच्छादन, आणि घरी आल्यावर ते काढून सीट वाळवण्याची दक्षता, कारण भिजलेले कातडे एकदा सैलावले की स्वाराच्या आकाराचा खड्डा त्यात कायम होतो.

दिवा मात्र पोलिसाने लावला. सूर्यास्तानंतर दिव्याविना सायकल चालवणे हा गुन्हा होता, आणि त्याबद्दल दंड होई. प्रथम रॉकेलचा दिवा, काही हौशी लोकांकडे कार्बाइडचा, आणि नंतर धावेला घासून फिरणारा डायनामो, असा त्याचा क्रम आहे. रॉकेलचा दिवा खड्ड्यागणिक विझे. मग पोलिसाने अडवले की आत्ताच विझला असे सांगावयाचे, आणि पोलिसाने दिव्याच्या पत्र्याला हात लावून तो गरम आहे की थंड याची शहानिशा करावयाची, हा पुरावाशास्त्राचा प्रयोग चौकाचौकांत होई. डायनामोने ही पंचाईत मिटवली, परंतु त्याने पायांवर असा काही भार पडे की अनेकजण तो चौकाच्या अलीकडे टाकीत आणि पलीकडे गेल्यावर वर उचलीत. डबलसीट जाणाराही असाच चौकापूर्वी उतरून दहा पावले सोज्ज्वळपणे चालत जाई. कायद्याचे पालन आणि कायद्याची ओळख यांत फरक असतो, तो पुणेकर सायकलस्वाराइतका क्वचितच कोणी जाणला असेल.

म्युनिसिपालटीचे चिन्ह म्हणजे बिल्ला. वार्षिक कर भरून मिळालेला हा धातूचा तुकडा सायकलीला अडकवावा लागे, आणि वसुलीच्या मोसमात नाक्यावर उभे राहून बिल्ल्याविना सायकली अडकवून ठेवण्यात नगरपालिकेचे शिपाई जी तत्परता दाखवीत, तिचा काही अंश रस्त्यांचे खड्डे बुजवण्याकडे वळला असता तर रॉकेलचे दिवेही इतके विझले नसते. असो.

या साजात जे घेतले जात नसे तेही ध्यानात घेण्यासारखे आहे. इंग्लंडात १९०२ सालापासून स्टर्मी-आर्चरचे तीन गतींचे चाक प्रचारात होते, आणि नॉटिंगहॅमच्या रॅले सायकलीवर ते बसवूनही मिळे. पण पुण्यातील कारकुनाने त्याच्याकडे फारसे लक्ष दिले नाही. लकडी पुलाचा किंवा १९२३ साली बांधलेल्या लॉइड पुलाचा, म्हणजे आताच्या शिवाजी पुलाचा, चढ तो काय. तेवढ्यासाठी ज्याची दुरुस्ती पेठेतल्या फिटरला येत नाही असे यंत्र चाकात भरून घेणे त्याला व्यवहार्य वाटले नाही, आणि त्याचा निर्णय योग्य होता. ज्या सायकलीचा प्रत्येक छर्रा, कॉटर आणि वायसर कोपऱ्यावरच्या दुकानात मिळतो, आणि वर्षातून एकदा ओव्हरऑइलिंग केले की जी पुन्हा नवी होते, ती वीस वर्षे टिकते. बापाची सायकल मुलाने कॉलेजात आणि मग नोकरीवर नेल्याची उदाहरणे पुण्यात घरोघर होती. बायकांसाठी मधल्या आडव्या दांडीविना, मागच्या चाकावर जाळी विणलेली सायकल आली, आणि शिक्षिका, परिचारिका, कचेऱ्यांतून नव्याने रुजू झालेल्या स्त्रिया तिच्यावरून कामावर जाऊ लागल्या. पेठांतील ओट्यांवरून प्रथम जी कुजबूज झाली ती काही वर्षांत आपोआप विरली, कारण त्याच ओट्यांवरील घरांत पुढे तशी सायकल आली.

दुसऱ्या महायुद्धात विलायती माल बंद पडला, धावा आणि ट्यूबांची टंचाई झाली, १९४१ पासून पेट्रोलवर नियंत्रण आले; मोटारवाल्यांवर सायकलीची पाळी आली आणि सायकलवाल्यांवर फाटक्या धावेला आतून तुकडा लावून दिवस काढण्याची. स्वातंत्र्यानंतर आयात आखडली आणि देशी कारखाने उभे राहिले: मद्रासजवळ अंबत्तूरला १९४९ साली टी. आय. सायकल्स, आसनसोलला सेन-रॅले, सोनिपतला १९५१ मध्ये ॲटलस, लुधियानास १९५६ मध्ये हीरो. घाट तोच राहिला, अठ्ठावीस इंची दीड इंच जाडीची चाके, सळ्यांचे ब्रेक, काळा रंग. परंतु कित्येक वर्षे पुणेकर गिऱ्हाईक विलायती आहे का असे विचारल्याविना दुकानात पुढचे बोलणे करीत नसे.

त्या काळी खडकीच्या कारखान्यांची पाळी सुटे, तेव्हा पुलावर पायी जाणाऱ्याला रस्ता ओलांडता येत नसे, इतक्या सायकली एका भोंग्याने बाहेर पडत. याच वर्षांत सायकलीच्या ऱ्हासाची कारणेही जमत होती. १९५४ साली पिंपरीस हिंदुस्थान अँटिबायोटिक्सचा कारखाना निघाला, मागून आकुर्डी आणि चिंचवड येथे मोटारी, स्कूटर आणि यंत्रे बनवणारे कारखाने आले. आणि पेठेतून पिंपरीस जाणे म्हणजे दहा मैल. कामगाराला कंपनीच्या बसगाड्या नेऊ लागल्या, ज्याला ऐपत होती त्याने स्कूटरसाठी वर्षानुवर्षे नंबर लावला, आणि १९७२ साली कायनेटिकची लुना आली तेव्हा तिला पायडलेही असल्यामुळे सायकलस्वाराला आपण सायकलच सोडली असे वाटण्याचेही कारण उरले नाही. पुणेकर आळशी झाला म्हणून सायकल गेली, असे जे म्हणतात ते नकाशा पाहत नाहीत. जी कचेरी तीन मैलांवर होती ती दहा मैलांवर गेली, आणि तीन मैलांसाठी घडवलेले वाहन त्या अंतराला पुरे पडले नाही.

आज पुण्यात पुन्हा सायकलीने कामावर जाणारे लोक दिसतात, आणि त्यांच्या सायकलीला गती पुष्कळ असतात; चेनकव्हर, मडगार्ड, कॅरिअर आणि स्टँड मात्र बहुतेकींना नसतात, विचारले तर दुकानदार ते वेगळे पैसे घेऊन बसवून देतो. ज्या वाचकाला अशी सायकल घ्यावयाची असेल त्याने गतींची संख्या विचारण्यापूर्वी आपल्या घरापासून कचेरीचे अंतर आणि वाटेतले चढ मोजावेत, मग चेनकव्हर आणि मडगार्ड आधी मागून घ्यावे, आणि पैसे मोजण्यापूर्वी पुढचे चाक उचलून व्हॉल्व तळाशी येऊन थांबतो का तेवढे पाहून घ्यावे.