तीस सेकंदांची किल्ली

परवलीचा शब्द सैन्यात फार जुना. पण संगणकाने तो विचारायला सुरुवात केली ती १९६१ च्या सुमारास. अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी या संस्थेत फर्नांदो कोर्बातो यांनी एकाच यंत्रावर अनेकांना एकाच वेळी काम करता येईल अशी योजना केली. यंत्र एक आणि बिऱ्हाडे अनेक, म्हणजे चाळच ती! प्रत्येकाच्या कागदपत्रांना वेगळी खोली हवी, खोलीला कुलूप हवे. म्हणून ज्याला त्याला एकेक गुप्त शब्द मिळाला.

हे कुलूप फार दिवस टिकले नाही. ॲलन शेर या संशोधक विद्यार्थ्याला यंत्रावर आठवड्याला चार तास मिळत, आणि प्रबंधाचे काम तेवढ्यात उरकेना. १९६२ साली एका शुक्रवारी रात्री त्याने छिद्रे पाडलेले एक कार्ड यंत्रापाशी दिले: अमुक फाईल छापून हवी. ती फाईल म्हणजे सगळ्यांच्या गुप्त शब्दांची यादी! शनिवारी जाऊन त्याने ती उचलली आणि इतरांच्या नावावर हवा तेवढा वेळ काम केले. पुढे ही हकिकत त्यानेच सांगितली, तीही पंचवीस वर्षांनी.

खरी मेख इथेच आहे. दागिना चोरीला गेला तर डबा रिकामा दिसतो. शब्द चोरीला गेला तरी तो मालकापाशीही जागच्या जागी असतो. काही नाहीसेच होत नाही, मग ओरड कोण करणार?

यावर तोड निघाली ती अशी, की माहीत असलेल्या शब्दाच्या जोडीला हातातली एखादी वस्तूही मागायची. दुहेरी खुणेची रीत आपल्याला परकी नाही. शिवकालीन पत्राच्या माथ्यावर मुद्रा असे आणि मजकूर संपला की खाली मोर्तब; मागाहून कोणी ओळ घुसडू नये, हा त्यातला हेतू. ‘शिक्कामोर्तब’ हा शब्द आपण सर्रास वापरतो, त्यात खुणा दोन आहेत हे मात्र विसरतो. असो. १९८० च्या दशकात सिक्युअरआयडी नावाचे खिशात मावणारे यंत्र आले. त्यावर मिनिटामिनिटाला नवा आकडा उमटे; कचेरीचे खाते उघडताना शब्दही सांगायचा आणि तो आकडाही. २०१० साली गूगलने याच कामाचे मोफत ॲप काढले. वेगळे यंत्र बाळगायला नको, फोनच पुरला. आपल्याकडे २००९ पासून रिझर्व्ह बँकेने कार्डाच्या ऑनलाइन खरेदीला दुसरी खूण सक्तीची केली, त्यामुळे संदेशातून येणारा आकडा घरोघर ठाऊक आहे. ॲपचा आकडा मात्र कोणी पाठवतच नाही. तो फोनमध्येच तयार होतो.

कसा, ते ऐकण्यासारखे आहे. खाते जोडताना पडद्यावर काळ्यापांढऱ्या ठिपक्यांचा चौकोन दिसतो. फोनने तो टिपला की एक लांबलचक गुप्त संख्या फोनमध्ये उतरते. तीच खाते सांभाळणाऱ्या यंत्रापाशीही असते. पुढे दोघांत बोलणे नाही. १ जानेवारी १९७० पासून तीस-तीस सेकंदांचे किती तुकडे लोटले ते दोघेही आपापल्या घड्याळावरून मोजतात, त्याचे आणि गुप्त संख्येचे ठरलेले गणित करतात आणि उत्तरातून सहा अंक काढतात. पुण्यात आणि नागपुरात एकच पंचांग असले म्हणजे एकादशी कधी हे विचारायला पत्र धाडावे लागत नाही, त्यातलाच प्रकार. म्हणूनच रेंज नसली तरी अंक येतात. घड्याळ भलतीकडे गेले तर मात्र जुळत नाहीत. थोडी सवलत सोडली तर अर्ध्या मिनिटात ते शिळे. शेरने छापून नेले असते तरी शनिवारपर्यंत त्यांची रद्दीच झाली असती! फोन हरवला तर अडू नये म्हणून काही राखीव आकडे देतात. ते कागदावर उतरवून कपाटात ठेवावेत, त्याच फोनमध्ये नव्हे.

इतकी सोय असताना एक दार उघडे राहिले तर काय होते, ते ७ मे २०२१ रोजी अमेरिकेने पाहिले. कलोनियल पाइपलाइन कंपनीचे नळ टेक्सासपासून न्यूयॉर्क बंदराच्या परिसरापर्यंत सुमारे साडेपाच हजार मैल पसरलेले. पूर्व किनाऱ्याचे जवळजवळ निम्मे इंधन त्यांतून जात होते. कंपनीच्या यंत्रणेत बाहेरून शिरण्याची एक जुनी वाट होती. ती वापरात नाही असे सर्व धरून चालले होते; पण ती बुजवलेली नव्हती, आणि तिथे दुसरी खूण कोणी विचारत नव्हते. नुसता शब्द पुरला. खंडणीखोरांनी फायलींना कुलूप घातले, कंपनीने नळ बंद केला, पंपांवर मोटारींच्या रांगा लागल्या. प्लॅस्टिकच्या पिशव्यांत पेट्रोल भरू नका, असे सरकारी खात्याला जाहीर सांगावे लागले! कंपनीने सुमारे ४४ लाख डॉलर मोजले. त्यांतले काही पुढे सरकारने परत मिळवले. कंपनीचे प्रमुख जोसेफ ब्लाउंट यांनी सिनेटपुढे सांगितले, की तो शब्द साधासुधा नव्हता, अवघड होता. असेलही, पण एकदा हाती लागल्यावर चोराला अवघड काय आणि सोपा काय!

ॲप आले म्हणून माणूस बदलला, असे मात्र नाही. सप्टेंबर २०२२ मध्ये उबर कंपनीच्या एका कंत्राटी माणसाचा गुप्त शब्द चोराच्या हाती पडला. तिथली दुसरी खूण अंक भरण्याची नव्हती. फोनवर परवानगी विचारली जाई आणि नुसता होकार द्यायचा. चोराने पुन्हा पुन्हा आत शिरण्याचा प्रयत्न केला, तितक्यांदा त्या माणसाच्या फोनवर विचारणा आली. सुरुवातीला त्याने दाद दिली नाही. अखेर एकदा त्याने होकार देऊन टाकला.