सातारच्या शाळेतले तरट आणि आजचा गणवेश

जून महिना आला की सातारा-सांगलीतील जिल्हा परिषदेच्या शाळांतून पालकांना सूचना जातात. मूल रोज गणवेशात यावे, कपडे स्वच्छ असावेत, केस कापलेले असावेत. सूचना साधी आहे आणि शिक्षकांचा हेतूही वाईट नसतो. पण या तिन्ही गोष्टींना सातारच्या मातीत इतिहास आहे. तो माहीत नसला की गणवेश ही नुसती शिस्तीची बाब वाटते. आमच्या मते ती हक्काची बाब आहे.

7 नोव्हेंबर 1900 रोजी भिवा रामजी आंबेडकर हे नाव सातारच्या सरकारी हायस्कूलच्या रजिस्टरमध्ये नोंदले गेले. आज ही शाळा प्रतापसिंह हायस्कूल म्हणून ओळखली जाते आणि 2017 पासून हा दिवस राज्यात विद्यार्थी दिवस म्हणून साजरा होतो. त्या दिवशी फोटोला हार घातला जातो. पण त्या मुलाचे कपडे कोण धूत होते, हे कुणी विचारत नाही.

बाबासाहेबांनी ते 'वेटिंग फॉर अ व्हिसा'मध्ये लिहून ठेवले आहे. साताऱ्यात परीट होते आणि त्यांना द्यायला घरात पैसेही होते. तरी अस्पृश्याचे कपडे धुवायला एकही परीट तयार नव्हता. ते काम बहिणी करत. न्हावी केस कापत नसे, म्हणून थोरली बहीण केस कापायची. म्हणजे स्वच्छ सदरा आणि कापलेले केस या दोन्ही अपेक्षा त्या घरातल्या बायकांनी पुऱ्या केल्या होत्या. बदल्यात शाळेने काय दिले? वर्गाच्या कोपऱ्यात, स्वतःच्या तरटावर बसायची जागा. झाडलोट करणारा नोकर त्या तरटाला शिवत नसे, म्हणून ते रोज घरी न्यायचे आणि परत आणायचे. तहान लागली तर शिपायाने पाणी द्यायचे. शिपाई नसला की पाणी नाही.

1901 सालचा प्रसंग तर सर्वांना ठाऊक आहे. वडील गोरेगावला नोकरीवर होते. त्यांना भेटायला निघालेल्या मुलांसाठी नवे सदरे, नव्या टोप्या, नवे बूट आणि रेशीमकाठी धोतरे घेतली गेली. पाडळी स्टेशनवर गाडीत बसून मुले मसूरला उतरली. न्यायला कुणी आले नव्हते. स्टेशनमास्तरने कपडे पाहिले आणि ही ब्राह्मणाची मुले असावीत असे समजून आस्थेने चौकशी केली. आम्ही महार आहोत, हे उत्तर ऐकताच त्याचा चेहरा बदलला. रेशमी काठ तोच होता, मुलेही तीच होती.

कपड्यावरून जात ओळखायची, हा या व्यवस्थेचा जुना कायदा आहे. 1928 साली इंदूर भागातील गावांत सवर्णांनी बलाई समाजाला फर्मान काढले. त्यात जरीकाठी पगडी बांधू नये, रंगीत काठाचे धोतर नेसू नये, अशी कलमे होती. बाबासाहेबांनी 'जातिनिर्मूलन' या भाषणात हे उदाहरण मुद्दाम दिले आहे. मसूरच्या स्टेशनमास्तरची जशी चूक झाली, तशी पुन्हा कुणाची होऊ नये, यासाठीच असली फर्माने असतात.

म्हणून सगळ्या मुलांना एकच कपडा, या कल्पनेचे आम्ही स्वागत करतो. पण त्यासाठी तो कपडा सगळ्यांना एकाच दिवशी मिळाला पाहिजे. प्रत्यक्षात काय घडले? अनेक वर्षे मोफत गणवेश सर्व मुलींना आणि अनुसूचित जाती, जमाती व दारिद्र्यरेषेखालील मुलग्यांनाच होता. त्यामुळे मुलग्यांत वाटप यादीवरून होई, आणि वर्गात कोण कुठल्या यादीत आहे ते सर्वांना कळे. जात झाकण्यासाठी आणलेला कपडाच जात सांगू लागला! 2023-24 मध्ये उरलेल्या मुलग्यांनाही योजनेत घेतले, हे चांगले झाले. पण 2024-25 मध्ये कापडाची खरेदी राज्य पातळीवर झाली आणि 15 ऑगस्ट उलटला तरी अनेक शाळांत गणवेश पोचले नव्हते. आले त्यांतले कित्येक मापाचे नव्हते. अखेर डिसेंबर 2024 मध्ये सरकारने हे काम पुन्हा शाळा व्यवस्थापन समित्यांकडे सोपवले.

दोन गणवेशांसाठी 600 रुपये, असा हिशेब या योजनेत राहिला आहे. ज्या घरात जुलैपर्यंत एकच जोड असतो, तिथे आईला तो रोज रात्री धुवावा लागतो. पाटण-जावळीच्या पावसात तो सकाळपर्यंत वाळत नाही. जत, आटपाडी, माण-खटावमध्ये टँकर आला नाही तर धुवायला पाणीच नसते. अशा मुलाला कपड्यावरून वर्गात उभे केले, तर शिक्षा कोणाला होते?

आणि अपमान झाला की मूल शाळा सोडते. वाळवा तालुका सातारा जिल्ह्यात होता, तेव्हा वाटेगावचे अण्णाभाऊ साठे दीड दिवसात शाळेबाहेर पडले. पुढे ते एवढे मोठे साहित्यिक झाले, ही त्यांची थोरवी. त्याचे श्रेय त्या शाळेला देता येणार नाही.

शिक्षण हक्क कायदा 2009 नुसार ज्या खर्चामुळे मुलाचे शिक्षण अडेल, तो खर्च पालकावर टाकता येत नाही. शाळा व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश सदस्य पालक असतात, निम्म्या महिला असतात आणि वंचित घटकांना त्यांच्या प्रमाणात जागा असतात. आपल्या वस्तीतील आयाबहिणींनी या जागा घेतल्या पाहिजेत. पैसे कधी आले, माप कुणी घेतले, शिलाई कुणाला दिली, हे बैठकीत विचारून इतिवृत्तात नोंदवून घेतले पाहिजे. गणवेश हाती येईपर्यंत एकाही मुलाला कपड्यावरून टोकायचे नाही, असा ठरावही करून घ्यावा.

भिवाच्या बहिणींनी कपडे धुऊन आपले काम चोख केले होते. राहिले होते ते शाळेचे आणि सरकारचे काम. सव्वाशे वर्षांनंतर तरी ते त्यांनी करावे.

जय भीम!