सरकारी जीप कशासाठी निघाली होती?

आज एका विशिष्ट अपघाताबद्दल बोलायचंय. धडक देणारी गाडी सरकारची आहे. पोलिसांची जीप असेल, लष्कराचा ट्रक असेल, कलेक्टरसाहेबांची गाडी असेल. खाजगी गाडीनं धडक दिली तर कोर्ट काय विचारतं, ते आपल्याला ठाऊक आहे. वेग किती होता, सिग्नल कुणी तोडला, चूक कुणाची. सरकारी गाडीच्या बाबतीत मात्र आपल्या देशात शंभरेक वर्षं आधी वेगळाच प्रश्न विचारला जायचा. गाडी कशी चालवली, हा नव्हे. गाडी कशासाठी निघाली होती, हा.

तुम्ही इंदूरला असा, बडोद्याला असा, हैदराबादला किंवा बेळगावला, कायदा सगळीकडे हाच. आणि हा प्रश्न आला कुठून, हे बघायला आपल्याला मोटारी येण्याच्याही आधी, घोड्यांच्या काळात जावं लागतं.

कलकत्ता. कंपनी सरकारचा शेवट आणि राणीच्या राज्याची सुरुवात, असा तो काळ. पेनिन्सुलर अँड ओरिएंटल ही आगबोट कंपनी, म्हणजे आजही लोक जिला 'पी अँड ओ' म्हणून ओळखतात ती. तिची दोन घोड्यांची गाडी गार्डन रीचकडून शहरात चालली होती. वाटेत खिदिरपूरची सरकारी गोदी. गोदीतले मजूर आगबोटीच्या धुराड्याचा एक अवजड लोखंडी भाग रस्त्यावरून उचलून नेत होते. मागून गाडी येतेय म्हटल्यावर त्यांची धांदल उडाली आणि हातातलं लोखंड त्यांनी रस्त्यात टाकलं. त्या आवाजानं घोडे बुजले, पुढे उधळले आणि एक घोडा लोखंडावर आदळून जखमी झाला. कंपनीनं सरकारकडे ३५० रुपये मागितले.

या ३५० रुपयांच्या प्रकरणानं पुढे किती माणसांच्या भरपाया अडवल्या, ते आता ऐका.

प्रकरण लघुवाद न्यायालयातून कलकत्त्याच्या तेव्हाच्या सर्वोच्च न्यायालयाकडे गेलं. १८६१ साली सरन्यायाधीश सर बार्न्स पीकॉक यांनी निकाल दिला. निकाल सरकारच्या विरुद्ध गेला. घोड्याची भरपाई द्या, असं त्यांनी सांगितलं. त्यांचं म्हणणं असं की, ईस्ट इंडिया कंपनी राज्यही करत होती आणि धंदाही करत होती. गोदी चालवणं हे काम कुणीही खाजगी माणूस करू शकतो, मग त्यातल्या नोकराच्या हलगर्जीपणाची जबाबदारीही खाजगी मालकासारखीच घ्यायला हवी. इथवर उत्तमच. पण बोलता बोलता त्यांनी आणखी एक गोष्ट सांगून ठेवली. जी कामं फक्त राज्यकर्ताच करू शकतो, म्हणजे सार्वभौम सत्तेची कामं, त्यांच्यात मात्र अशी जबाबदारी येणार नाही.

त्या प्रकरणाच्या निकालासाठी हे वाक्य लागतही नव्हतं. भारतीय कायद्यात टिकलं मात्र तेच. १८८२ साली मद्रास उच्च न्यायालयानं हरी भानजी खटल्यात ही सवलत फार आखडून वाचली होती. तो धागा धरला असता तर पुढचा बराच त्रास वाचला असता, असं मला वाटतं. पण दोन्ही मतं शेजारी शेजारी चालत राहिली.

१८५८च्या कायद्यानं ठरवलं की, कंपनीवर जसा दावा लावता येत होता तसाच यापुढे सेक्रेटरी ऑफ स्टेटवर लावता येईल. १९३५च्या कायद्यानं तेच उचललं. आणि आपल्या राज्यघटनेच्या अनुच्छेद ३००नेही, संसद किंवा विधिमंडळ वेगळा कायदा करेपर्यंत, तेच चालू ठेवलं. म्हणजे प्रजासत्ताकातल्या नागरिकाला पोलिसांच्या जीपची धडक बसली, तर त्याचा हक्क ठरवायला वकिलांना विचारावं लागायचं, अशा प्रसंगी ईस्ट इंडिया कंपनी जबाबदार ठरली असती का? कंपनीचं राज्य गेलं तेव्हा मोटार जन्मालाही आली नव्हती! बरं, 'राजा चूक करूच शकत नाही' हे तत्त्व ज्या इंग्लंडचं, त्या इंग्लंडनं १९४७ साली क्राउन प्रोसीडिंग्ज ॲक्ट करून सरकारवर असे दावे लावायची वाट मोकळी केली होती.

आता उदयपूरला या. फेब्रुवारी १९५२. कलेक्टरच्या वापरातली सरकारी जीप दुरुस्तीला कारखान्यात गेली होती. ती घेऊन तात्पुरता नेमलेला ड्रायव्हर परत येत होता. फुटपाथवरून चालणाऱ्या एका माणसाला त्यानं धडक दिली. कवटी आणि पाठीचा कणा मोडला, तीन दिवसांनी तो माणूस गेला. मागे बायको, तीन वर्षांची मुलगी आणि म्हातारी आई. त्यांनी दावा लावला. खालच्या कोर्टानं ड्रायव्हरला जबाबदार धरलं आणि राज्य सरकारला सोडून दिलं. तात्पुरत्या ड्रायव्हरकडून १५,००० रुपये कुठून वसूल होणार होते, हे तुम्हीच सांगा. उच्च न्यायालयानं राज्यालाही जबाबदार धरलं, म्हणून राजस्थान सरकार सर्वोच्च न्यायालयात गेलं. सरकारचा युक्तिवाद हाच, की जीप कलेक्टरची आहे आणि कलेक्टर सार्वभौम सत्तेचं काम करतो.

१९६२ साली सरन्यायाधीश भुवनेश्वर प्रसाद सिन्हा यांच्या पीठानं सरकारचं अपील फेटाळलं. आपण प्रजासत्ताक घटना स्वीकारली आहे, लोककल्याणकारी राज्य म्हणवून घेतो, सरकार उद्योग चालवतं, लाखो माणसं नोकरीला ठेवतं. मग नोकराच्या चुकीची जबाबदारी इतर मालकांप्रमाणे त्यानं का घेऊ नये, असा निकालाचा रोख होता. अपघात झाला तेव्हा तीन वर्षांची असलेली मुलगी तोवर तेरा वर्षांची झाली असणार. कायद्याच्या पुस्तकांत याला विद्यावती खटला म्हणतात.

वाटलं असेल, प्रश्न मिटला. नाही मिटला. पुढचा खटला अपघाताचा नाही, तरी रस्त्यावरच्या माणसासाठी तो विद्यावतीइतकाच महत्त्वाचा ठरला.

२० सप्टेंबर १९४७. फाळणीचे दिवस. अमृतसरच्या एका सराफी पेढीचा भागीदार सोनं-चांदी विकायला मेरठला आला होता. पोलिसांनी संशयावरून त्याला धरलं, माल जप्त केला. त्याला दुसऱ्या दिवशी सोडलं, चांदीही परत मिळाली. पण १०३ तोळ्यांहून अधिक सोनं मालखान्याच्या हेड कॉन्स्टेबलनं लांबवलं आणि तो पाकिस्तानात निघून गेला. हा कस्तुरीलाल खटला. १९६४च्या सप्टेंबरमध्ये सर्वोच्च न्यायालयानं निकाल दिला, तेव्हा सरन्यायाधीश होते आपल्या साताऱ्याचे प्र. बा. गजेंद्रगडकर. पोलिसांनी निष्काळजीपणा केला, हे न्यायालयानं मान्य केलं. तरीही पेढीला एक पैसा मिळाला नाही. कारण अटक करणं, झडती घेणं, माल जप्त करणं हे सार्वभौम सत्तेचे अधिकार, आणि ते बजावताना झालेल्या चुकीबद्दल राज्यावर दावा लागत नाही.

मग विद्यावतीचं काय? गजेंद्रगडकरांनी फरक सांगितला. ती जीप दुरुस्तीच्या कारखान्यातून येत होती, त्या घटकेला ती कुठलंही सार्वभौम काम करत नव्हती. या फरकाचा अर्थ रस्त्यावर आणून बघा. तोच ड्रायव्हर, तीच जीप, तोच वेग. जीप गॅरेजमधून येत असेल तर बाईला पैसे मिळतात. तीच जीप चोराच्या मागे लागलेली असेल तर कदाचित काहीच नाही. मेलेल्या माणसाला जीप कुठून कुठे चालली होती याच्याशी काय देणंघेणं?

गजेंद्रगडकरांना हे खटकलं नव्हतं असं नाही. कायद्याची ही अवस्था समाधानकारक नाही आणि विधिमंडळांनी कायदा करून ती दुरुस्त करावी, असं निकालात त्यांनीच लिहिलं. मोतीलाल सेटलवाड अध्यक्ष असलेल्या पहिल्या विधी आयोगानं आपला पहिलाच अहवाल याच विषयावर दिला होता, १९५६ साली. त्याच्या आधारावर १९६५ आणि १९६७ साली विधेयकंही आली. ती मंजूर झाली नाहीत आणि विरून गेली. अनुच्छेद ३००नं ज्या कायद्याची वाट मोकळी ठेवली, तो अजून झालेला नाही.

कायदाच नाही म्हटल्यावर उच्च न्यायालयांपुढे एकेक गाडी उभी राहू लागली आणि न्यायमूर्तींना प्रत्येक गाडीत काय भरलंय ते तपासत बसावं लागलं. हवाई दलाची गाडी हॉकीचा संघ घेऊन निघाली होती. दिल्ली उच्च न्यायालय म्हणालं, हॉकी खेळवणं हे सार्वभौम काम नव्हे, भरपाई द्या. लष्कराचा ट्रक दुरुस्त झालेलं यंत्र तोफखान्याच्या शाळेकडे नेत होता. मुंबई उच्च न्यायालय म्हणालं, यंत्राची वाहतूक खाजगी ठेकेदारही करू शकला असता, भरपाई द्या. मद्रासकडे मात्र लष्करी लॉरी नौदलाच्या जहाजासाठी कार्बन डायऑक्साइड वायू नेत होती आणि तिच्याखाली सापडला एक लहान मुलगा. तिथं ते काम सार्वभौम ठरलं आणि मुलाचा हक्क बुडाला. हॉकीच्या काठ्या, यंत्र, वायूच्या टाक्या! हसू येतं खरं, पण त्या मुलाच्या घरी कुणी हसलं नसेल.

या गोंधळातून सुटकेची वाट निघाली ती दोन बाजूंनी. एक मोटार वाहन कायद्यातून. १९३९च्या कायद्यात १९५६ साली दुरुस्ती होऊन अपघात भरपाईची न्यायाधिकरणं आली. तिथं गाडीचा मालक म्हणून सरकारला उभं करता येऊ लागलं. १९८२ साली आणखी मोठं पाऊल पडलं. मृत्यू किंवा कायमचं अपंगत्व आलं तर चूक कुणाची हे सिद्ध न करताही काही ठरावीक रक्कम मिळायची तरतूद झाली. मृत्यूसाठी तेव्हा १५,००० रुपये. आणि पुष्पा ठाकूर प्रकरणात, जिथं लष्करी ट्रकनं अपघात केला होता, सर्वोच्च न्यायालयानं अशा अपघातांना सार्वभौमत्वाची ढाल चालणार नाही, असं थोडक्यात सांगून टाकलं.

दुसरी बाजू मूलभूत हक्कांची. १९८३च्या रुदुल शाह आणि १९९३च्या नीलाबती बेहेरा या निकालांनी कोठडीतल्या अन्यायासाठी राज्याकडून थेट भरपाई देववली. १९९४ साली नागेंद्र राव खटल्यात न्यायमूर्ती सहाय यांनी सार्वभौम आणि असार्वभौम कामांच्या या वाटणीवरच घाव घातला. २००० साली आंध्रच्या एका प्रकरणात न्यायालयानं कस्तुरीलालचं महत्त्व आता उरलेलं नाही, अशा अर्थाचं लिहिलं. पाच न्यायमूर्तींचा तो निकाल त्याहून मोठ्या पीठानं अजून रीतसर मोडीत काढलेला नाही, तरी रस्ते अपघाताच्या दाव्यात आज तो आडवा येत नाही.

आता सायरनबद्दल, कारण लोक हमखास विचारतात. २०१७च्या वाहनचालन नियमांनुसार अग्निशमन दलाची गाडी, रुग्णवाहिका, पोलिसांची गाडी तातडीच्या कामावर असेल तर तिला वाट द्यावीच लागते. २०१९च्या दुरुस्तीपासून न देणाऱ्याला १०,००० रुपयांपर्यंत दंड आहे. तातडीच्या गाडीला लाल सिग्नल ओलांडता येतो, वेगमर्यादाही ओलांडता येते. पण त्याच नियमात अट आहे: योग्य ती काळजी घेऊन आणि जबाबदारीनं. सायरन वाट मागण्यासाठी आहे, माणूस उडवला तर ती सबब नव्हे.

तुमच्या घरातल्या कुणावर ही वेळ आली तर दोन गोष्टी लक्षात ठेवा. केंद्र आणि राज्य सरकारच्या बिगर-व्यापारी गाड्यांना सक्तीच्या विम्यातून कायद्यानंच सूट आहे. म्हणजे पोलिसांच्या जीपमागे बहुधा विमा कंपनी नसते, राज्य सरकारलाच प्रतिवादी करावं लागतं. पंचनामाही पोलीसच करणार, तेव्हा फोटो, साक्षीदारांची नावं आणि दवाखान्याचे कागद पहिल्याच दिवशी स्वतः गोळा करा. आणि मुदत पाहा. १९९४ साली न्यायाधिकरणाकडे जायची मुदतीची अट काढून टाकली होती, २०१९च्या दुरुस्तीनं ती परत आणली. अपघाताच्या दिवसापासून सहा महिने.