उबे डालगोना कॉफी

उबे डालगोना कॉफी हे जांभळे कोनफळ (उबे), थंड दूध, बर्फ आणि फेटून घट्ट केलेली इन्स्टंट कॉफी यांपासून बनवले जाणारे थंड पेय आहे. पेल्याच्या तळाशी जांभळ्या रंगाचे दूध आणि त्यावर तपकिरी कॉफीचा मऊ, दाट फेस अशी त्याची दोन थरांची रचना असते. २०२० साली कोविड-१९ साथीच्या काळात जगभर घरोघरी पसरलेली डालगोना कॉफी आणि फिलिपाईन्सच्या पाककलेतील उबे हा गोड कंद यांचा या पेयात मेळ घातलेला आहे. यात वापरला जाणारा कंद महाराष्ट्रात कोनफळ या नावाने परिचित असलेल्या वनस्पतीचाच आहे.

नावाची व्युत्पत्ती

'उबे' हा फिलिपाईन्समधील तागालोग भाषेतील शब्द आहे. मलय व इंडोनेशियन भाषांमधील कंदवाचक 'उबी' हा शब्द त्याच्याच कुळातील असून दोन्हींचे मूळ प्राचीन ऑस्ट्रोनेशियन भाषेत आहे.

'डालगोना' हे दक्षिण कोरियातील एका स्वस्त मिठाईचे नाव आहे. साखर वितळवून तिच्यात चिमूटभर खाण्याचा सोडा घातला की ती फुगते आणि थंड झाल्यावर जाळीदार, ठिसूळ बनते. २०२१ साली प्रदर्शित झालेल्या 'स्क्विड गेम' या कोरियन मालिकेमुळे ही मिठाई कोरियाबाहेरही ओळखली जाऊ लागली. डालगोना कॉफीत मात्र ही मिठाई मुळात नसते. फेटलेल्या कॉफीचा रंग व चव या मिठाईची आठवण करून देते, एवढाच नावाचा संबंध आहे.

पार्श्वभूमी

डालगोना कॉफी

जानेवारी २०२० मध्ये दक्षिण कोरियाच्या केबीएस वाहिनीवरील एका पाककला कार्यक्रमात अभिनेते जंग इल-वू यांनी मकाऊ येथील एका उपाहारगृहात हाताने फेटलेली कॉफी प्यायली. तिची चव डालगोना मिठाईसारखी असल्याचे त्यांनी म्हटले व त्यावरून हे नाव रूढ झाले. त्यानंतर काही आठवड्यांतच साथीमुळे लोक घरात अडकले. इन्स्टंट कॉफी, साखर आणि पाणी एवढेच साहित्य लागणारी ही कृती समाजमाध्यमांवरील चित्रफितींतून वेगाने पसरली. फिलिपाईन्समध्ये लुझॉन बेटावर मार्च २०२० च्या मध्यापासून कडक निर्बंध लागू झाले, तर भारतात २५ मार्च २०२० पासून देशव्यापी टाळेबंदी सुरू झाली. या दोन्ही देशांत त्या काळात ही कॉफी मोठ्या प्रमाणावर बनवली गेली.

कॉफी फेटण्याची पद्धत त्याआधीपासूनच अनेक ठिकाणी प्रचलित होती. भारतात कॉफी पूड व साखर यांत थोडेसे पाणी घालून चमच्याने फेटण्याची आणि त्यावर गरम दूध ओतण्याची घरगुती रीत जुनी आहे. 'फेटलेली कॉफी' म्हणून ती महाराष्ट्रातही ओळखली जाते. दोन्हींत क्रमाचा फरक आहे: भारतीय पद्धतीत फेटलेल्या मिश्रणावर दूध ओततात, तर डालगोना कॉफीत दुधावर फेस ठेवतात. ग्रीसमधील फ्राप्पे हे पेयही इन्स्टंट कॉफीच्या फेसावर आधारलेले असून त्याचा उगम १९५७ सालच्या थेस्सालोनिकी येथील आंतरराष्ट्रीय व्यापार मेळ्यात झाला, असे मानले जाते.

उबे

उबे म्हणजे डायोस्कोरिया अलाटा या वेलीचा जमिनीत वाढणारा कंद. फिलिपाईन्समध्ये उकडलेले उबे किसून किंवा कुस्करून दूध, साखर व लोण्यात आटवतात. या पदार्थाला 'उबे हालाया' म्हणतात. 'हालाया' हा शब्द जेली या अर्थाच्या स्पॅनिश शब्दावरून आला आहे. उबे हालाया नुसता खातात, तसेच तो बर्फाचा कीस व अनेक गोड घटक एकत्र करून बनवलेल्या 'हालो-हालो' या पदार्थातही घालतात. आइस्क्रीम, केक आणि पाव यांतही उबेचा वापर होतो. बोहोल बेटावरील 'किनाम्पाय' हा सुगंधी प्रकार विशेष नावाजलेला आहे. त्या बेटावर उबेला इतका मान आहे की कंद हातून जमिनीवर पडल्यास तो उचलून त्याचे चुंबन घेण्याची रीत सांगितली जाते.

कोनफळाशी संबंध

उबे आणि कोनफळ ही एकाच वनस्पती जातीची नावे आहेत. महाराष्ट्रात, विशेषतः कोकणात, कोनफळाची भाजी, काचऱ्या, वडे व उपवासाचे पदार्थ करतात. गुजरातमधील सुरती उंधियूत हा कंद आवश्यक मानला जातो. कोनफळाचा हंगाम हिवाळ्यात असतो. सर्वच कोनफळे आतून जांभळी नसतात. काहींचा गर पांढरा किंवा फिकट गुलाबी असतो. या पेयासाठी गडद जांभळ्या गराचा कंद निवडावा लागतो.

नावांमधील साम्यामुळे या कंदाबाबत पुढील गोंधळ वारंवार होतात:

• रताळे: गुजरातीत कोनफळाला 'रताळु' म्हणतात, तर मराठीत रताळे हा वेगळ्या कुळातील गोड कंद आहे. जांभळ्या गराचे रताळे दिसायला उबेसारखे असले तरी ते अधिक गोड असते.
• अळूचा कंद (टॅरो): याचा गर पांढरट असून त्यावर बारीक जांभळट ठिपके किंवा रेषा असतात. बाजारात मिळणाऱ्या फिकट जांभळ्या 'टॅरो' पेयांची उबेशी गल्लत केली जाते.
• करांदा: हा कोनफळाच्याच प्रजातीतील, परंतु वेगळ्या जातीचा कंद आहे. तो वेलीवर, पानांच्या बेचक्यात लागतो.

साहित्य

पुढील प्रमाण सुमारे ३०० मिली मापाच्या २ पेल्यांसाठी आहे. मोठा चमचा म्हणजे १५ मिली.

हालायासाठी:
• उकडून कुस्करलेले जांभळे कोनफळ: २५० ग्रॅम
• नारळाचे दूध: १०० मिली
• गोड कंडेन्स्ड मिल्क: १०० ग्रॅम
• लोणी: १ मोठा चमचा
• मीठ: चिमूटभर

पेयासाठी:
• तयार हालाया: ६ मोठे चमचे
• दूध: ३०० मिली
• इन्स्टंट कॉफी: २ मोठे चमचे
• साखर: २ मोठे चमचे
• गरम पाणी: २ मोठे चमचे
• बर्फाचे खडे: १० ते १२

कृती

१. कंद सोलताना हाताला खाज सुटू शकते, म्हणून हातमोजे घालतात किंवा हाताला तेल लावतात. कंद सालासकट उकडून नंतर सोलणे अधिक सोयीचे ठरते. कापलेल्या फोडी हवेत काळपट पडतात, त्यामुळे त्या लगेच पाण्यात टाकाव्या लागतात.

२. कंद सुरी सहज आत जाईल इतका मऊ होईपर्यंत उकडतात किंवा वाफवतात. तो गरम असतानाच किसून किंवा कुस्करून घेतात. गुठळ्या राहिल्यास गर चाळणीतून दाबून काढतात.

३. जाड बुडाच्या कढईत लोणी, नारळाचे दूध, कंडेन्स्ड मिल्क, मीठ व गर एकत्र करून मंद आचेवर सतत ढवळतात. मिश्रण कढईच्या कडा सोडू लागले की हालाया तयार होतो. या प्रमाणातील बहुतेक हालाया शिल्लक राहतो. तो झाकून शीतकपाटात ठेवल्यास ४ ते ५ दिवस वापरता येतो.

४. हालाया थोड्या कोमट दुधात मिक्सरमधून एकजीव करून मग उरलेले थंड दूध त्यात मिसळतात. थेट थंड दुधात घातल्यास त्याच्या गुठळ्या होतात. हे दूध शीतकपाटात चांगले गार करतात.

५. कोरड्या, तेलकटपणा नसलेल्या भांड्यात कॉफी, साखर व गरम पाणी घेऊन फेटतात. विजेवर चालणाऱ्या बीटरने काही मिनिटांत, तर हाताने फेटल्यास बराच अधिक वेळाने मिश्रण फिकट व दाट होते. बीटर उचलल्यावर फेसाचे टोक उभे राहिले की ते तयार समजतात.

६. पेल्यात बर्फ घालून त्यावर जांभळे दूध ओततात आणि वरून चमच्याने अलगद फेस ठेवतात. पिण्यापूर्वी दोन्ही थर ढवळून एकत्र करतात, कारण नुसता फेस कडू व अतिशय तीव्र लागतो.

शास्त्रीय आधार

फेसाची घडण

फेस म्हणजे द्रवात पसरलेले हवेचे बुडबुडे. साध्या पाण्यातील बुडबुडे लगेच फुटतात. कॉफीतील प्रथिने, बहुशर्करा आणि भाजताना तयार होणारे मेलॅनॉइडिन नावाचे तपकिरी पदार्थ बुडबुड्यांच्या पृष्ठभागावर गोळा होऊन त्यांना आधार देतात. इन्स्टंट कॉफी ही मुळात काढा करून वाळवलेली पूड असल्याने ती पाण्यात पूर्ण विरघळते आणि अगदी थोड्या पाण्यात या पदार्थांचे प्रमाण खूप वाढवता येते. फिल्टर कॉफीची भरड पूड विरघळत नाही, तर तयार डिकॉक्शन त्या मानाने फार पातळ असते. म्हणून त्यांपासून असा घट्ट फेस बनत नाही.

साखरेचे काम केवळ गोडी आणण्याचे नसते. तिच्यामुळे द्रव दाट होतो आणि बुडबुड्यांमधून तो खाली निथळण्याची क्रिया मंदावते. साखरेशिवायही फेस येतो, परंतु तो लवकर बसतो. फेसात हवा भरलेली असल्याने तो दुधापेक्षा हलका असतो व वर तरंगतो.

स्निग्ध पदार्थ बुडबुड्यांचा आधार मोडतात. हालायात लोणी व नारळाचे दूध असल्यामुळे तो कॉफीबरोबर फेटल्यास फेस नीट येत नाही. उबे दुधात आणि कॉफी वर अशी विभागणी या पेयात केली जाते, तिचे हे एक प्रमुख कारण आहे.

रंग

उबेचा जांभळा रंग अँथोसायनिन गटातील रंगद्रव्यांमुळे येतो. ही रंगद्रव्ये आम्लात लालसर, तर अल्कलीत निळसर होतात. दूध जवळजवळ उदासीन असल्याने त्यात जांभळा रंग टिकतो. लिंबाचा रस घातल्यास तो गुलाबी छटेकडे, तर खाण्याचा सोडा घातल्यास निळ्या-हिरव्या छटेकडे झुकतो. कॉफीचा गडद तपकिरी रंग मात्र जांभळ्याला झाकून टाकतो. त्यामुळे दोन्ही थर ढवळले की पेय मातकट दिसते.

घरी उकडलेल्या कंदाचा रंग चित्रांत दिसतो तितका भडक नसतो. बाजारातील अनेक उबे अर्कांत कृत्रिम रंग व स्वाद मिसळलेले असतात आणि भडक छटा बहुधा त्यांच्यामुळे येते. अशा अर्काच्या बाटलीवरील घटकांची यादी वाचल्यास त्यात प्रत्यक्ष कंद किती आहे, हे कळू शकते.

प्रकार

• दुग्धविरहित: गाईच्या दुधाऐवजी नारळाचे, सोयाबीनचे किंवा ओटचे दूध वापरतात. हालायात कंडेन्स्ड मिल्कऐवजी नारळाचे दूध व साखर आटवतात आणि लोणी वगळतात किंवा त्याऐवजी खोबरेल तेल घालतात.
• गरम: बर्फ वगळून गरम जांभळ्या दुधावर फेस ठेवतात, उष्णतेमुळे तो लवकर विरतो.
• कॉफीविरहित: लहान मुलांसाठी कॉफीच्या फेसाऐवजी फेटलेली साय (व्हिप्ड क्रीम) वापरतात. तिच्यात थोडा हालाया मिसळल्यास वरचा थरही जांभळा होतो.

आरोग्यविषयक बाबी

कोनफळात कॅल्शियम ऑक्झलेटचे सूक्ष्म स्फटिक असतात. कच्चा कंद हाताळल्याने किंवा खाल्ल्याने खाज येते, म्हणून तो कच्चा खात नाहीत. पूर्ण शिजवूनच वापरतात.

इन्स्टंट कॉफीत वजनाच्या सुमारे ३ टक्के कॅफिन असते. वरील प्रमाणात ८ ते १० ग्रॅम कॉफी लागत असल्याने प्रत्येक पेल्यात साधारण १२० ते १५० मिलीग्रॅम कॅफिन येते. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने (आयसीएमआर) २०२४ साली प्रसिद्ध केलेल्या आहारविषयक मार्गदर्शक तत्त्वांत कॅफिनची दैनंदिन मर्यादा ३०० मिलीग्रॅम सांगितली आहे. म्हणजेच असे दोन पेले प्यायल्यास ही मर्यादा जवळजवळ गाठली जाते. लहान मुले, गर्भवती स्त्रिया आणि झोपेचा त्रास असलेल्या व्यक्तींच्या बाबतीत ही गोष्ट विशेष लक्षात घ्यावी लागते.

फेस व हालाया यांतून प्रत्येक पेल्यात साधारण १८ ग्रॅम अतिरिक्त साखर जाते. जागतिक आरोग्य संघटनेच्या शिफारशीनुसार अशा साखरेचे प्रमाण एकूण ऊर्जेच्या १० टक्क्यांहून कमी, म्हणजे २००० किलोकॅलरीच्या आहारात सुमारे ५० ग्रॅमच्या आत असावे. ते २५ ग्रॅमच्या आत ठेवणे अधिक हितकारक मानले जाते. हालायातील कंडेन्स्ड मिल्क निम्मे करून साखर कमी करता येते. फेसातील साखर कमी केल्यास मात्र फेसाचा टिकाऊपणा घटतो.

हेही पहा

• कोनफळ
• इन्स्टंट कॉफी
• हालो-हालो
• फिलिपाईन्समधील खाद्यसंस्कृती
• उंधियू