पत्त्याएवढ्या संगणकाची चाळीस वर्षे

पेडणे तालुक्यातील मोपा गावचा सडा आज विमानतळामुळे दूरवर ठाऊक झाला आहे. ५ जानेवारी २०२३ पासून तेथून विमाने उडू लागली. विमानतळाला नाव मनोहर पर्रीकरांचे. त्यांच्याच मुख्यमंत्रिपदाच्या पहिल्या कारकिर्दीत 'सायबरएज' योजनेतून गोव्यातील उच्च माध्यमिक विद्यार्थ्यांच्या घरी संगणक पोचले होते. त्या पेट्या कधीच माळ्यावर गेल्या. पण मुलांसाठी कोणता संगणक घ्यावा आणि तो परवडेल का, हा प्रश्न पेडणे-डिचोलीत काय किंवा सीमेपलीकडे बांद्या-सातार्ड्यात काय, अजून तसाच आहे. उत्तरासाठी थोडे मागे जायला हवे.

१९८४ साली केंद्र सरकारने शाळांसाठी 'क्लास' हा संगणक-साक्षरतेचा प्रकल्प सुरू केला. आरंभी सुमारे २५० शाळांना मिळालेले यंत्र होते 'बीबीसी मायक्रो'. बनविणारी कंपनी केंब्रिजची एकॉर्न. त्याच कंपनीतील सोफी विल्सन आणि स्टीव्ह फर्बर यांनी रचलेला 'आर्म' प्रोसेसर २६ एप्रिल १९८५ रोजी प्रथम चालला. त्यात जेमतेम २५,००० ट्रान्झिस्टर. त्याच वर्षी आलेल्या इंटेल ३८६ मध्ये २,७५,०००! स्वस्त प्लास्टिकच्या वेष्टनात बसवायचा म्हणून तो फार तापता कामा नये, ही अट होती. चाचणीत तर त्याला वीज जोडायचीच राहून गेली होती, तरी शेजारच्या भागांतून झिरपणाऱ्या विजेवर तो चालत होता. काटकसरीतून जन्मलेला हा प्रोसेसर पुढे मोबाइलमधून प्रत्येकाच्या खिशात गेला.

आपल्याकडेही प्रयत्न झाले. बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेतील प्राध्यापकांच्या पुढाकाराने घडलेला 'सिम्प्युटर' २००४ साली बाजारात आला. त्यातही आर्म घराण्यातलाच प्रोसेसर होता. कल्पना उत्तम, पण खप अल्प. २०११ साली विद्यार्थ्यांसाठी 'आकाश' टॅब्लेट आला. त्याची स्मृती होती २५६ एमबी. तोही विस्मरणात गेला.

आणि गंमत पाहा! २९ फेब्रुवारी २०१२ रोजी केंब्रिजमधूनच 'रास्पबेरी पाय' हा पत्त्याएवढा संगणक आला. किंमत ३५ डॉलर, स्मृती तीच, २५६ एमबी. तो मात्र टिकला. कारण त्याच्या मागे सतत अद्ययावत होणारी मोफत लिनक्स प्रणाली होती, पुस्तके होती, शंका सोडविणारा मोठा गोतावळा होता. निवड करताना इतिहासाचा हा धडा विसरू नये. यंत्राच्या किमतीआधी त्याच्या मागचा आधार पाहावा. त्याहून स्वस्त आणि वेगवान बोर्डे बाजारात पुष्कळ आहेत; पण त्यांतल्या बऱ्याच बोर्डांची प्रणाली विकत घेतली त्या दिवशी असते तेथेच राहते.

आता व्यवहाराचे. स्मृती बोर्डावरच डाखलेली असते, मागाहून वाढविता येत नाही. म्हणून रोजच्या वापराला निदान ४ जीबी, प्रोग्रॅमिंगही करायचे असल्यास ८ जीबी घ्यावी. चांगला ॲडाप्टर, थंड ठेवणारा पंखा आणि कार्डाऐवजी एसएसडी यांचा खर्च आधीच धरावा. पडद्याचे काम घरचा एचडीएमआय टीव्ही करील. युनिकोड मराठी त्यावर उत्तम चालते. जुनी विंडोजवरची मराठी सॉफ्टवेअरे मात्र सहसा चालणार नाहीत. केवळ पत्रव्यवहार आणि हिशेब करायचे असतील, तर एखाद्या कचेरीतून निघालेला जुना संगणक कदाचित स्वस्त पडेल, हेही प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे.

मग हा पत्त्याएवढा संगणक कशासाठी? पावसाळ्यात वीज गेली तर तो लहानशा बॅटरीवर चालतो. त्याच्या पिनांना तार जोडून कुळागरातल्या मातीचा ओलावा मोजता येतो. गोव्यातल्या शाळांत सहावी ते आठवीला कोडिंग आणि रोबोटिक्स शिकविले जाऊ लागले आहे. शाळेतला तो तास संपल्यावर घरी हात चालवायला काहीतरी हवे. आपल्या मुलांच्या घरात कोंकणी, पुस्तकात मराठी, यंत्रात इंग्रजी. त्यांतल्या यंत्राला आपल्या भाषेत बोलायला लावायचे, तर ते उघडून पाहता येणारे हवे. आणि बिघडले तर बापाचे महिन्याचे गणित मोडणार नाही, इतके स्वस्तही.