त्रिमितीय मुद्रण : वैद्यकातील उपयोग

संगणकातील आकृतीबरहुकूम पदार्थाचे थरावर थर चढवून घन वस्तू घडवण्याची पद्धत. थ्रीडी प्रिंटिंग हे नाव अधिक रूढ. एकच नग करायचा असला तरी या पद्धतीत त्यासाठी वेगळा साचा घडवावा लागत नाही. प्रत्येक रुग्णाची ठेवण निराळी असल्याने हाच गुण वैद्यकात मोलाचा ठरला.

इतिहास : नागोया येथील हिदेओ कोदामा यांनी १९८१ मध्ये प्रकाशाने घट्ट होणाऱ्या राळेपासून थराथराने वस्तू करण्याची कृती प्रसिद्ध केली. अमेरिकेत चार्ल्स हल यांना १९८६ मध्ये अशाच पद्धतीचे पेटंट मिळाले.

कार्यपद्धती : सीटी किंवा एमआरआय चित्रणातून हव्या त्या भागाची सीमा आखून घेतात. हाड सीटीत स्वच्छ दिसते. मऊ ऊतींच्या कडा बहुधा तज्ज्ञाला स्वतः तपासून दुरुस्त कराव्या लागतात. येथे राहिलेली चूक पुढे जशीच्या तशी घन होते, म्हणून छपाईपेक्षा हा टप्पा अधिक जोखमीचा मानावा.

उपयोग : शस्त्रक्रियेच्या पूर्वतयारीसाठी अवयवांच्या प्रतिकृती, हाड नेमके कोठे कापावे हे दाखवणारे साचे, जबडा, कवटी व खुब्यासाठी टायटॅनियमची रोपणे. श्रवणयंत्रांची कानात बसणारी कवचे आज बहुतांशी छापलेलीच असतात. औषधांपैकी अपस्मारावरील स्प्रिटाम या गोळीला अमेरिकेत २०१५ मध्ये मान्यता मिळाली. मुद्रित गोळीला मिळालेली ही पहिलीच मान्यता. भुकटीच्या थरांवर बंधक द्रव फवारून ती घडवतात. ती सच्छिद्र असल्याने घोटभर पाण्यात विरघळते. गोळी गिळता न येणाऱ्यांची त्यामुळे सोय होते.

श्वासमार्गाचा आधार : या क्षेत्राचे मर्म सर्वांत स्पष्ट करणारे उदाहरण. काही अर्भकांत श्वासनलिकेची वा तिच्या शाखेची भिंत इतकी लुळी असते की श्वास सोडताना ती मिटते. मिशिगन विद्यापीठातील ग्लेन ग्रीन व स्कॉट हॉलिस्टर यांनी फेब्रुवारी २०१२ मध्ये अशा एका बाळासाठी पॉलिकॅप्रोलॅक्टोन या बहुवारिकाचा आधार छापला. त्यासाठी अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाकडून तातडीची परवानगी घ्यावी लागली. आधार नळीच्या आत नव्हे, बाहेरून बसवला आणि शाखेची भिंत टाक्यांनी त्याला ताणून बांधली. शस्त्रक्रियेनंतर २१ दिवसांनी बाळाचा कृत्रिम श्वासोच्छ्वास थांबवता आला. आधाराची एक बाजू उघडी ठेवलेली असते. मूल वाढते तसा तो फाकतो. सुमारे ३ वर्षांत तो शरीरात जिरून जावा अशी योजना असते. तोवर श्वासमार्गाच्या भिंतीला बळ आलेले असते. काढण्यासाठी दुसरी शस्त्रक्रिया लागत नाही. २०१५ मध्ये या गटाने तीन अर्भकांवरील निष्कर्ष प्रसिद्ध केले. टिकाऊपणा हाच रोपणाचा एकमेव निकष नव्हे, हे या कामाने दाखवून दिले.

जैवमुद्रण : पेशी मिसळलेल्या जेलची, म्हणजे जैवशाईची छपाई. मुख्य अडचण रक्तपुरवठ्याची. रक्तवाहिनीपासून एक-दोन दशांश मिलिमीटरपलीकडच्या पेशींना पुरेसा प्राणवायू पोहोचत नाही. वेक फॉरेस्ट विद्यापीठातील अँथनी अटाला यांच्या गटाने २०१६ मध्ये ऊतीत सूक्ष्म मार्ग मोकळे ठेवून हाड, स्नायू व कानाच्या आकाराची कूर्चा छापली आणि ती प्राण्यांत तपासली. तेल अवीव विद्यापीठाने २०१९ मध्ये छापलेले इवलेसे हृदय पुष्कळ गाजले. मात्र ते रक्त पुढे ढकलू शकत नव्हते. माणसात बसवून काम करणारे मुद्रित हृदय, यकृत वा मूत्रपिंड अद्याप झालेले नाही.

नियमन : अमेरिकेत मुद्रित वैद्यकीय उपकरणांसाठी डिसेंबर २०१७ मध्ये तांत्रिक मार्गदर्शिका निघाली.

भारत : आयआयटी मुंबई येथील बेटिक केंद्रात वैद्यकीय उपकरणांच्या घडणीत या तंत्राचा वापर होतो. हैदराबाद येथील एल. व्ही. प्रसाद नेत्रसंस्था, आयआयटी हैदराबाद व पेशीय आणि रेणवीय जीवशास्त्र केंद्र (सीसीएमबी) यांनी २०२२ मध्ये पारपटल छापून सशाच्या डोळ्यात बसवले. त्याची जैवशाई दान केलेल्या मानवी डोळ्यांतील ऊतींपासूनच केलेली होती.